रंगाचे दोन हात

घराला रंग देणे हा आपल्याकडे एक लहानसा संस्कारच मानला जातो. घरात लग्न निघाले, मुंज ठरली किंवा दिवाळी जवळ आली, की आपले लक्ष भिंतींकडे जाते. एरव्ही पाच-सहा वर्षे जे डाग दिसत नाहीत, ते एका आठवड्यात डोळ्यांना खुपू लागतात. मग कोणाच्या तरी ओळखीचा रंगारी येतो, खोल्याखोल्यांतून एक फेरी मारतो, छताकडे पाहून मान हलवितो आणि एक आकडा सांगतो. आपण त्यातून दोन-तीन हजार कमी करतो, तो 'साहेब, तुम्ही म्हणाल तसे' असे म्हणतो आणि व्यवहार ठरतो. ज्या माणसाच्या हाती आपण पंधरा-वीस दिवस सबंध घर सोपवितो, त्याच्याशी झालेल्या ह्या ठरावाचा एकही शब्द कागदावर नसतो.

हे मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझ्या सरकारी नोकरीची काही वर्षे इमारतींच्या दुरुस्तीची देयके तपासण्यात गेली आहेत. सरकारी कामात भिंतीला साधा चुना लावावयाचा असला, तरी त्याचा तपशील, दर आणि मुदत आधी कागदावर येते. झालेल्या कामाची लांबी-रुंदी मोजमाप-पुस्तिकेत चढते, आणि त्या मोजमापाखाली ठेकेदाराची मान्यतेची सही घेतली जाते. राज्यघटनेच्या २९९ व्या कलमाप्रमाणे सरकारचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावे, ठरलेल्या पद्धतीने आणि अधिकार असलेल्या माणसाच्याच सहीने व्हावा लागतो. ह्या नियमांवर बोट ठेवून मी लोकांची देयके परत पाठविली आहेत. आणि चार वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला रंग द्यावयाचा ठरला, तेव्हा मीच दारात उभा राहून मिस्त्रींना म्हणालो, 'सगळे मिळून अठ्ठ्याहत्तर हजार. दोन हात द्या, काम चांगले करा.' ह्यापलीकडे आमचा करार नव्हता.

काम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपले आणि त्याच संध्याकाळी वादाला तोंड फुटले. मिस्त्रींच्या मते अस्तराचा एक आणि रंगाचा एक असे दोन हात देऊन झाले होते. माझ्या मते अस्तर ते अस्तर; दोन हात रंगाचे व्हावयाचे होते. दोघेही खरे बोलत होतो. शब्द एकच होता, पण त्याने त्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे केले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरे. शेवटी त्यांनी कुरकुरत बैठकीच्या खोलीला आणखी एक हात दिला, आणि मी नऊ हजार रुपये 'महिन्या-दीड महिन्याने बघू' म्हणून राखून ठेवले. त्या नऊ हजारांची पुढची हकीकत नंतर सांगतो. आधी हे पाहू, की जो तोंडी व्यवहार आमच्या वडिलांच्या पिढीला पुरला, तो आपल्याला का पुरत नाही.

माझ्या लहानपणी घराला रंग म्हणजे चुना. चुन्याची निवळी, तीत थोडी नीळ आणि डिंक, आणि एक जाडसा कुंचा. सकाळी सुरुवात झाली की संध्याकाळपर्यंत दोन खोल्या उरकत. त्या कामात झाकण्यासारखे फारसे काही नव्हते. चुना पातळ असेल तर वाळल्याबरोबर भिंत सांगत असे. हाताला पांढरे लागले तर डिंक कमी पडला, हे घरातल्या पोरालाही कळत असे. माल स्वस्त होता, काम उघडे होते, आणि चूक झालीच तर पुढच्या वर्षी पुन्हा चुना लागणारच होता. अशा व्यवहाराला कागद करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला झाला असता.

आजचे रंगकाम हे थरांचे काम आहे. जुना रंग खरवडावयाचा, भेगा भरावयाच्या, लांबी लावावयाची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासावयाची, पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, मग अस्तर, आणि त्यावर रंगाचे हात. ह्या कामाचा चमत्कारिक गुण असा, की प्रत्येक थर आपल्या खालच्या थराला झाकून टाकतो. सुताराचे काम उलटून पाहता येते, नळ गळतो की नाही ते तोटी सोडून कळते. परंतु अस्तर लावले होते की नाही, लांबीचे हात दोन होते की एक, जुना रंग खरोखर खरवडला की नुसता पुसला, हे शेवटचा हात फिरल्यावर त्या दिवशी तरी कोणालाही सांगता येत नाही. भिंत त्या संध्याकाळी सारखीच सुंदर दिसते. फरक दिसतो तो एका पावसाळ्यानंतर. म्हणजे पुरावा काम करतानाच बुजविला जातो, आणि तोही लबाडीने नव्हे, कामाच्या स्वाभाविक क्रमाने. रंगकामाच्या करारनाम्याची गरज येथून उत्पन्न होते. भिंतीला जे पुढे आठवणार नाही, ते कागदाने आठवणीत ठेवावयाचे असते.

कायद्याच्या दृष्टीने तोंडी करार पोकळ असतो, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. आपला करारांचा कायदा १८७२ चा आहे. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे करारास पात्र अशा व्यक्तींनी स्वखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशाने केलेला ठराव हा करार होतो. एखाद्या विशिष्ट कायद्याने लेखाची सक्ती केली असेल तेवढा अपवाद. घर रंगविण्याच्या खाजगी कराराला तशी सक्ती नाही. मग दारात उभे राहून केलेला ठराव बंधनकारक असेल, तर अडते कोठे? अडते ते सिद्ध करण्यापाशी. ठराव झाला होता एवढे दोघेही मान्य करतात. काय ठरले होते, ह्यावर मात्र एक साक्षीदार तुमच्या घरचा असतो आणि दुसरा त्यांच्या टोळीतला.

ठराव कागदावर आला, की चित्र पालटते. पुराव्याच्या जुन्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. जुन्या कायद्यातील एक तत्त्व त्याच्या ९४ व ९५ ह्या कलमांत कायम आहे: कराराच्या अटी लेखात उतरल्या, की काही अपवाद सोडता त्या अटींविरुद्ध तोंडी बोलण्यांचा पुरावा ऐकला जात नाही. ह्याची एक बाजू आपण विसरतो. अर्धवट लिहिलेला कागद कधीकधी न लिहिलेल्याहून धोक्याचा ठरतो. कागदावर 'सर्व खोल्यांचे रंगकाम, अमुक रक्कम' एवढेच असेल आणि 'गॅलरीची जाळीही धरली आहे' हे बोलण्यात राहिले असेल, तर ती जाळी पुढे कोणाच्या पदरात पडेल हे सांगता येणार नाही.

करार विधिवत नसताना केलेल्या कामाचे पैसे मिळतात काय, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण बंगालमधले आहे. १९४४ च्या सुमारास हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स ह्या ठेकेदारांनी पुरवठा खात्यासाठी काही बांधकाम करून दिले. अधिकाऱ्यांनी सांगितले, ह्यांनी केले, खात्याने ते वापरले; परंतु सरकारी कराराला लागणारी रीत पाळली गेली नव्हती, आणि देयकाच्या वेळी त्याच मुद्द्यावर अडवणूक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ साली न्यायालयाने करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार घेऊन ठेकेदारांच्या बाजूने निर्णय दिला. फुकट करण्याच्या हेतूने न केलेले काम कायदेशीर रीतीने करून दिले आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. न्याय झाला. परंतु काम १९४४ चे आणि निकाल १९६१ चा, ह्यातले अंतर ठेकेदारांना कसे गेले असेल, ह्याची कल्पना देयके परत पाठविणाऱ्या माझ्यासारख्याने अवश्य करावी.

आता करारनाम्यात काय असावे? मी येथे नमुना वाचून दाखविणार नाही. ज्या जागी तंटे होतात, त्या जागा तेवढ्या दाखवितो.

पहिली जागा 'हात' ह्या शब्दाची, ती मी भोगली आहे. भिंतीवर क्रमाने काय काय होणार, ते लिहावे: खरवडणे, भेगा भरणे, लांबीचे किती हात, अस्तर कोणते, आणि अस्तर सोडून रंगाचे किती हात. छत, भिंती, दारे आणि लोखंडी जाळ्या ह्यांना वेगवेगळा रंग लागतो, म्हणून प्रत्येकापुढे रंगाची जात, कंपनी आणि छटेचा क्रमांक लिहावा. 'फिकट पिवळा' हे वर्णन झाले, करार नव्हे. आता दुकानात यंत्राने छटा मिसळून मिळते, आणि तोच क्रमांक पुन्हा मिसळून घेतला तरी किंचित फरक पडू शकतो. म्हणून एका भिंतीपुरता माल एकदम आणावा, हेही मिस्त्रींकडून लिहून घेण्याजोगे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक थर दाखविल्याशिवाय दुसरा चढवावयाचा नाही, अशी अट हवी. लांबी घासून झाली की मालकाने पाहावी, अस्तर झाले की पाहावे, आणि पाहिल्याची तारीख कागदावर टाकावी. मालकाला पाहावयाला सवड नसेल, तर त्याने पुढे शंकाही काढू नये. ही अट दोघांनाही बांधते.

दुसरी जागा मोजमापाची. आपल्याकडे कोणी ब्रासावर दर सांगतो, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. कोणी चौरस फुटावर. आणि कोणी फरशीच्या क्षेत्रफळाला तीन किंवा साडेतीनने गुणून रंगाचे क्षेत्रफळ काढतो. सहाशे चौरस फुटांचे घर धरा. तीनने गुणले तर अठराशे, साडेतीनने गुणले तर एकवीसशे. तीन ब्रासांचा हा फरक भिंतीत कोठेही नाही, तो नुसता गुणाकारात आहे. चौरस फुटाला वीस रुपये दर असेल, तर हा गुणाकार सहा हजार रुपयांना पडतो. त्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणे बरे. मोजतानाही दारे-खिडक्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच, आणि त्याला भारतीय मानक १२०० मध्ये एक समंजस उत्तर आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करावयाचा नाही. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची खिडकी असेल, तर भिंतीच्या दोन्ही बाजू रंगविल्या असताही एकाच बाजूचे क्षेत्र वजा करावयाचे. त्याच्या बदल्यात खिडकीभोवतीच्या आतल्या कडांचे क्षेत्र रंगाऱ्याने वेगळे मोजावयाचे नाही. लाकडी दारांचा हिशेबही असाच गमतीचा आहे. तावदानी नक्षीच्या, म्हणजे फळ्या बसविलेल्या दाराला खाचा आणि उंचवटे असतात, म्हणून त्याच्या एका बाजूचे सपाट क्षेत्रफळ केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रीतीप्रमाणे १.३० ने गुणतात. पूर्ण काचेच्या दाराला रंग कमी लागतो, म्हणून त्याला ०.८० ने. एवढा काटेकोरपणा प्रत्येक घरात करावा असे नाही. मात्र ज्या रीतीने मोजणार ती रीत आधी सांगितलेली असावी, आणि एकरकमी ठराव असेल तर 'मोजमाप होणार नाही' हेही स्पष्ट लिहावे.

माल कोणाचा, ही तिसरी जागा. मजुरीवर काम दिले, तर माल मालकाने आणावयाचा आणि 'आणखी एक डबा लागेल' हे रोज ऐकावयाचे. मालासकट दिले, तर रंगात पाणी किती पडते ह्याची धास्ती बाळगावयाची. पाणी घालणे ही लबाडी नव्हे. पाण्यावर चालणाऱ्या रंगात ते घालावेच लागते, आणि किती घालावे ते डब्यावर छापलेले असते. म्हणून डबे मालकासमोर उघडावेत, रिकामे डबे काम संपेपर्यंत घरातच ठेवावेत, आणि पाण्याचे प्रमाण डब्यावरचे, एवढे लिहिले की पुरे. येथे एक बारीकशी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ रंगांच्या डब्यांत कंपनी रंगाऱ्यासाठी एक टोकन किंवा कूपन घालते, आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. पुष्कळ मालकांना ह्याचा पत्ताच नसतो, आणि ज्यांना असतो ते कधीकधी टोकनावर डोळा ठेवतात. रिवाजाप्रमाणे ते रंगाऱ्याचे आहे, ते त्याला घेऊ द्यावे. परंतु अमुक कंपनीचाच रंग का सुचविला जातो, ह्याचे उत्तर कधीकधी त्या टोकनात सापडते, एवढे मालकाने ध्यानात ठेवावे. रकमेत वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही, हेही येथेच लिहून टाकावे.

मालाबरोबर आणखी एक विषय निघतो, आणि तो पैशांचा नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो पुढच्या वर्षी अमलात आला. परंतु जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवर त्यापूर्वीचे थर आहेत. ते कोरडे घासले की त्यांची धूळ उडते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. ती धूळ सर्वांत अधिक कोणाच्या पोटात जाते? घासणाऱ्याच्या. 'जुना तैलरंग ओला करून घासावा, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, घासणाऱ्यांना नाकातोंडावर बांधावयाला योग्य ती पट्टी द्यावी' ही अट मी अजून एकाही घरगुती करारात पाहिलेली नाही. परांचीवरून किंवा शिडीवरून कोणी पडला तर काय, ह्याविषयीही कागद बहुधा मुका असतो. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई मिळाली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने आणले. तरी दोर, पट्टे आणि विमा ह्यांची व्यवस्था कोणी करावयाची हे गृहनिर्माण संस्थासुद्धा पुष्कळदा लिहीत नाहीत, आणि सात मजल्यांच्या बाहेरच्या भिंतीवर माणसे झुल्यावर चढतात.

मुदतीविषयी मालकांचा उत्साह दांडगा असतो. उशीर झाला तर रोजचा हजार रुपये दंड, असे ते अभिमानाने लिहितात. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे दंडाचा आकडा ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाईच देते. शिवाय बांधकामाच्या करारांत मुदत हा कराराचा प्राण असतोच असे नाही. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून जाणाऱ्या जलसेतूचे काम १९५५ साली बारा महिन्यांच्या मुदतीने दिले होते. मुदत उलटली म्हणून सरकारने करार रद्द केला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या करारात उशिराबद्दल दंडाची आणि मुदतवाढीची तरतूद आहे, तेथे मुदत हा प्राण मानता येत नाही, आणि ते रद्द करणे चुकीचे होते. जलसेतूला जे लागू, ते आपल्या स्वयंपाकघरालाही लागू. घरात लग्न असेल आणि तारीख खरोखरच चुकता कामा नये, तर तसे कारणासकट लिहावे. एरव्ही पावसाचे दिवस आणि भिंत वाळण्याचे दिवस मुदतीतून वगळावेत. ओल्या भिंतीवर घाईने रंग चढविण्याची सक्ती करणारा मालक स्वतःच्याच पैशांचे पापुद्रे काढून घेतो.

वाढीव काम ही तर तंट्यांची खाणच. 'मिस्त्री, आलाच आहात तर तेवढे कपाट करून टाका', हे वाक्य आपण किती सहज बोलतो! कपाट होते, मग गॅलरीचा कठडा होतो, आणि शेवटी देयकात ते आले की आपल्याला राग येतो. मागायला संकोच वाटतो म्हणून रंगारी गप्प राहतो, विचारायला संकोच वाटतो म्हणून मालक. भीड ही भिकेची बहीण असे आपले पूर्वज म्हणत, ते अशाच वेळेसाठी. वाढीव कामाचा दर ते करण्यापूर्वी त्याच कागदाच्या पाठीवर लिहावा. तेवढेही होत नसेल, तर निदान भ्रमणध्वनीवर संदेश पाठवावा आणि उलट होकार घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अग्राह्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केले आहे. मुद्रांकाविषयी एवढेच सांगतो, की मुद्रांक नसल्याने खाजगी करार रद्द होत नाही, परंतु राज्याच्या दराप्रमाणे शुल्क भरलेले नसेल तर ते दंडासह भरीपर्यंत न्यायालय तो कागद पुराव्यात घेत नाही.

ह्या सर्व खटाटोपाचा उपयोग कोणाला अधिक? ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटेल, की मालकाला. मलाही तसेच वाटत असे. परंतु वाद झाल्यावर कोणाला कोणते दार उघडे असते ते पाहा. स्वतःच्या घराला रंग देवविणारा मालक हा ग्राहक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल त्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगापुढे जाता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही पडत नाही. मालकाने पैसे बुडविले तर रंगाऱ्याला मात्र हे दार नाही, कारण तो ग्राहक नव्हे. त्याने दिवाणी न्यायालयात जावयाचे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर काम पूर्ण झाल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावयाचा, वकील द्यावयाचा, तारखा करावयाच्या, आणि प्रत्येक तारखेला एक रोज बुडवावयाचा. नऊ हजारांसाठी हे कोणी करीत नाही. मालकाला हे ठाऊक असते. उघड कोणी कबूल करीत नाही, पण शेवटचा हप्ता राखून ठेवणाऱ्या हाताला त्याचे बळ असते.

माझ्याही हाताला ते होते. जुलैमध्ये आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर फुगे आले आणि चार दिवसांत पापुद्रे सुटू लागले. मी मिस्त्रींना बोलाविले, भिंत दाखविली आणि नऊ हजार मिळणार नाहीत असे सांगितले. ते म्हणाले, 'साहेब, ही ओल आहे. मी पहिल्या दिवशीच सांगितले होते.' मी म्हणालो, 'मला काही सांगितलेले आठवत नाही.' ते थोडा वेळ भिंतीकडे पाहत उभे राहिले आणि गेले. त्या दिवाळीनंतर आमच्या संस्थेने इमारतीची तपासणी करविली, तेव्हा अभियंत्याने बाहेरच्या बाजूला, छज्जाच्या वर, गिलाव्यात हातभर लांबीची भेग दाखविली. पाणी तेथून आत येत होते. जगातला कोणताही रंग त्या भिंतीवर टिकला नसता. त्या रात्री माझी पत्नी सहज म्हणाली, 'मिस्त्री म्हणाले होते की बाहेरून आधी बंद करून घ्या. तुम्ही फोनवर होता. तुम्ही हो म्हणालात.'

ते मला आजही आठवत नाही. न आठवणे खोटे बोलणे नव्हे, असे मी स्वतःला पुष्कळदा समजाविले. तथापि नऊ हजार रुपये म्हणजे त्यांच्या एका कामगाराची दहा-बारा दिवसांची मजुरी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या पदरची दिली होती, हे मला त्यांच्या दुकानदाराकडून कळले. मिस्त्रींचा दूरध्वनी क्रमांक बदलला होता, म्हणून त्या रंगाच्या दुकानातच निरोप ठेवावा लागला. ते आठ दिवसांनी आले. पैसे मोजून घेतले, चहा नको म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात बाहेरची भेग बुजवून झाल्यावर मी त्यांनाच पुन्हा बोलाविले. ह्या वेळी मी करारनामा तयार ठेवला होता. चांगली तीन पाने होती, आणि कार्यालयातील सवयीने प्रत्येक अटीला पोटकलमे पाडली होती. मिस्त्रींनी ती पाने शांतपणे चाळली आणि बाजूला ठेवली. मग खिशातून शाळेच्या वहीचे घडी घातलेले एक पान काढले. अक्षर मुलीचे होते, बारावीत आहे म्हणाले. पहिल्याच ओळीत लिहिले होते: 'पश्चिमेची भिंत आतून ओली आहे का ते मालकासमोर पाहिले.' त्यापुढे तारखेसाठी आणि सहीसाठी जागा कोरी ठेवली होती. खाली अस्तर एक, रंग दोन हात, असे वेगवेगळे मांडले होते, आणि शेवटी टोकन मिस्त्रींचे. आम्ही दोघे त्या भिंतीपाशी गेलो, तिच्यावर हात फिरवून पाहिला. भिंत कोरडी होती. मी तारीख घालून सही केली; त्यांनी माझ्या तीन पानांवर केली, आणि कामाची उचल मागितली.